राजाच्या पोटात अंडं

नमस्कार श्रोतेहो. घरात बजरी, लव्हबर्ड किंवा कॉकाटील असा पिंजऱ्यातला पक्षी असेल, तर हातातलं काम चालू ठेवा, पण कान जरा इकडे द्या. आज बोलायचंय मादीचं अंडं अडतं त्याविषयी.

आधी राजाची गोष्ट. सांगलीतल्या विश्रामबागेत एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आहेत. त्यांचा राखाडी कॉकाटील, नाव राजा. दुकानदारानं नर म्हणून दिला, काकांनी तसाच मानला. डिसेंबरातल्या एका सकाळी राजा दांडीवरून उतरला आणि पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसला. पिसं फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले, दर श्वासाला शेपटी वरखाली. काकूंनी निदान केलं, सर्दी! ओव्याची पुरचुंडी पिंजऱ्याला बांधली. शेजारच्या आजींनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. पुतण्या मोबाइलवर बघून एरंडेल आणायला निघालेला. ह्या मोबाइलवरच्या वैद्यांना एकदा कुणीतरी एरंडेल पाजायला हवं.

माझ्याकडे आला तेव्हा राजाचे पाय लुळे पडत होते. पोटाला हलकेच बोट लावलं आणि म्हटलं, "काका, अंडं अडलंय."

काका ताठ झाले. "डॉक्टर, नर आहे तो!"

"मग हे त्यालाच समजावून सांगा."

एक्स-रे काढला. उजेडावर धरला, तर पोटात अख्खं अंडं. काका बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "पण घरात दुसरा पक्षीच नाही हो!"

श्रोतेहो, कोंबडी कोंबड्याविना अंडं घालतेच ना? तसंच हे. पिल्लू निघत नाही, पण अंडं येतं, आणि अडतंही. 'आमचा एकटाच आहे' म्हणून निर्धास्त राहू नका.

राजाला कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन दिलं, उबेच्या पेटीत ओलसर फडकं ठेवून अंधार केला. काका बाहेर बाकावर, मांडीवर रिकामा पिंजरा. संध्याकाळी अंडं पडलं. काकांचा पहिला प्रश्न, "आता नाव बदलायचं का?" म्हटलं, नको. हल्ली ते "आमची राजा" म्हणतात.

अडलेलं अंडं आत नसा दाबतं, म्हणून पाय जातात. शी तुंबते. पक्ष्याला आपल्यासारखं छाती आणि पोट वेगळं करणारं श्वासपटल नसतं, त्यामुळे पोटात दाटलं की श्वासच कोंडतो. लहान पक्षी काही तासांतसुद्धा दगावतो. तळाशी बसलाय, फुगलाय, कुंथतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर. पुन्हा सांगतो, त्याच दिवशी! आणि पोट दाबू नका. अंडं आत फुटलं तर कवचाच्या कपच्या लागतात, पू होतो.

कारण बहुतेकदा कॅल्शियमची कमतरता. नुसतं सूर्यफुलाचं बी घालणं म्हणजे माणसाला भडंगावर जगवणं. राळा द्या, शेवग्याचा पाला द्या, काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं हाड, पिंजऱ्याला अडकवा. सकाळचं कोवळं ऊन द्या, पण काचेआडचं नको, ते उपयोगाचं नाही. घातलेली अंडी लगेच उचलू नका, नाहीतर मादी पुन्हा घालत सुटते.

हे सगळं विदेशी पक्ष्यांचं. आपला झाडावरचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. तरी भविष्यवाल्यापुढे रांग लावणारे आपणच, आणि त्या पोपटाला स्वतःचं भविष्य कुणी सांगत नाही. असो.

सांगली-मिरजेत माणसांच्या डॉक्टरांना तोटा नाही. पक्षी बघणारा डॉक्टर मात्र आजच हेरून त्यांचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. नेताना बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, आत मऊ कापड, एका कडेला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. दांडी नको, वारा नको. आणि शेवटचं अंडं कधी घातलं, शी कधी झाली, एवढं डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. नमस्कार.