तीन मिनिटं आणि वर दहा सेकंद

(दृश्य: रेड लाइन, शनिवार सकाळ. डब्यातली माणसं.)

ही शिकागोची रेड लाइन. दक्षिणेला 95व्या रस्त्यावरून सुटते, उत्तरेला हॉवर्डपर्यंत जाते. डब्यात कोण बसलंय ते बघत राहा. सुरुवातीच्या स्टेशनांवर चढणारे बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. शहराच्या मध्यावर, लूपमध्ये, डबा रिकामा होतो आणि पुन्हा भरतो. आता चढणारे बरेचसे गोरे. 1930च्या दशकात घरकर्जासाठी नकाशे बनवले गेले, त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगानं रंगवल्या, म्हणजे इथं कर्ज देणं धोक्याचं. ते नकाशे केव्हाच दप्तरी गेले, पण या डब्यात ते आजही वाचता येतात.

खिडकीजवळच्या त्या मुलीकडं बघा. सोळा वर्षांची आहे. ओठ हलतायत. स्वतःची कविता पाठ करतेय. आज दुपारी तिला ती अनोळखी माणसांसमोर म्हणायची आहे.

(दृश्य: दक्षिण शिकागोतलं उद्यान. ग्वेंडोलिन ब्रूक्स यांचा पुतळा.)

या शहरात मुलांच्या कवितेला मान मिळाला, त्याची सुरुवात या बाईंपासून झाली. ग्वेंडोलिन ब्रूक्स. इथल्याच ब्रॉन्झव्हिल वस्तीच्या कवयित्री. 1950 मध्ये त्यांना पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. 1968 मध्ये इलिनॉय राज्यानं त्यांना राज्यकवी केलं. नुसतं पद घेऊन त्या बसल्या नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी कवितेची बक्षिसं सुरू केली आणि त्यासाठी स्वतःच्या पर्समधून पैसे दिले. राज्यभरातून मुलांच्या कविता येत, ब्रूक्स त्या वाचत, मुलांना बोलावून त्यांच्याकडून म्हणवून घेत. हे वर्षानुवर्षं चाललं. डिसेंबर 2000 मध्ये त्या गेल्या. पुतळा बसला 2018 मध्ये.

(दृश्य: ग्रीन मिल, बाहेरची दिव्यांची पाटी.)

आणि ही दुसरी जागा. ग्रीन मिल, जॅझचा जुना बार. मार्क स्मिथ नावाचा बांधकामावर काम केलेला कवी होता. खाली मान घालून पुटपुटत वाचणारे कवी आणि जांभया देणारे श्रोते बघून तो वैतागला होता. जुलै 1986 मध्ये त्यानं इथं रविवारची एक स्पर्धा सुरू केली, तिला नाव दिलं स्लॅम. परीक्षक कोण? समोर बसलेल्यांपैकीच कुणीही. आवडलं तर आरडाओरडा करा, नाही आवडलं तरी करा. मुशायऱ्यातल्या 'वा, क्या बात है'ची सवय असलेल्या आपल्या कानांना हे फार परकं वाटायला नको.

पण बार तो बारच. 21 वर्षांखालच्यांना आत प्रवेश नाही.

ते दार मुलांसाठी दुसरीकडं उघडलं. 1991 पासून मुलांना लिहितं करणाऱ्या 'यंग शिकागो ऑथर्स' या संस्थेनं 2001 मध्ये शाळाशाळांच्या संघांचा स्लॅम भरवला. नाव ठेवलं 'लाउडर दॅन अ बॉम्ब', बॉम्बपेक्षाही मोठा आवाज. पहिल्या वर्षी संघ होते चार. 2008 पर्यंत साठाहून जास्त शाळा आल्या.

(दृश्य: हॉल. गोल टेबलं, मुलं, एक पेन हातोहात फिरतंय.)

हे दृश्य आम्ही मुद्दाम कापलं नाही, सबंध ठेवलं आहे. स्पर्धेआधीचा हा खेळ: 'क्रॉसिंग द स्ट्रीट', रस्ता ओलांडा. शाळेचे संघ फोडायचे. प्रत्येक टेबलावर वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं बसवायची. एकमेकांची नावंही माहीत नसताना मिळून लिहायचं. रेड लाइनवरची आपली मुलगी इथं बसली आहे, शेजारी उपनगरातला एक मुलगा. पहिली चार मिनिटं दोघंही टेबलाकडं बघतायत. मग तो काहीतरी लिहितो. ती वाचते, एक शब्द खोडते, वर दुसरा लिहिते. तो हसतो. माझ्या मते इथल्या सगळ्या फेऱ्यांमध्ये मोठी फेरी हीच, आणि हिला गुण नाहीत.

(दृश्य: वहीचं पान, अगदी जवळून.)

तिची वही. लाल पेनाच्या तिरप्या रेघा आहेत तिथं श्वास घ्यायचा. समासात आकडे: 0:48, 1:35, 2:52. प्रत्येक कडवं कितव्या सेकंदाला संपायला हवं त्याचा हिशोब. वर 'दुःख' या अर्थाचा शब्द होता, तो खोडलाय. तिच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं होतं, "त्या दिवशी स्वयंपाकघरात टेबलावर काय होतं?" आता तिथं लिहिलंय: दोन कप, त्यातला एक कोरडा.

आपल्याकडं शाळेत कविता पाठ होते, रसग्रहणाचे गुण मिळतात आणि धडा संपतो. स्वतःची कविता घेऊन वर्गासमोर उभं राहायची वेळ किती मुलांवर येते? आणि आली तर ऐकायला कोण थांबतं?

(दृश्य: रंगमंच. एकच माइक.)

नियम मोजके. कविता स्वतःचीच हवी. वेशभूषा नाही, वस्तू नाहीत, संगीत नाही. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सवलत. त्यापुढं गुण कापले जातात. संघाच्या चार एकेकट्या कविता, आणि एक सगळ्यांनी मिळून सादर करायची. परीक्षक पाच, प्रत्येकाकडं शून्य ते दहा, दशांशासकट. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा सोडून द्यायचा, मधल्या तिघांची बेरीज धरायची. सुरुवातीला एक कवी स्पर्धेबाहेरचा येतो, परीक्षकांचा हात बसावा म्हणून. त्याला म्हणतात सॅक्रिफिशियल पोएट, बळीचा कवी.

सूत्रसंचालक ओरडून सांगतो की गुण महत्त्वाचे नाहीत, आणि सगळं सभागृह ओरडून उत्तर देतं: कविता महत्त्वाची!

आता ती येतेय. वही खुर्चीवरच राहिली.

(तिची कविता. निवेदन नाही. दाद देणाऱ्या श्रोत्यांच्या चुटक्यांचा आवाज तसाच ठेवावा.)

2 मिनिटं 57 सेकंद.

पाट्या वर जातात. 8.4. 9.1. 9.0. 7.2. 9.6. पहिला आकडा दिसताच प्रेक्षक परीक्षकावर चिडतात. ही इथली रीत आहे. वरचा गेला, खालचा गेला, उरले 26.5. ती पाट्यांकडं बघत नाहीये. तिसऱ्या रांगेत उपनगरातला तो मुलगा, दुसऱ्या संघाचा, शेजारच्या खुर्चीवरची स्वतःची बॅग उचलून मांडीवर घेतो.

(ती तिथं जाऊन बसते.)

इथं शाळकरी वयात उभा राहिलेला नेट मार्शल आज कवी आहे, विद्यापीठात शिकवतो. 'लाउडर दॅन अ बॉम्ब' महोत्सवाचं नाव पुढं बदललं. आता तो 'रूटेड अँड रॅडिकल' म्हणून भरतो.

(दृश्य: रात्र. दक्षिणेकडं जाणारी रेड लाइन. मुलगी खिडकीला डोकं टेकून. वहीत त्या मुलाच्या अक्षरातली एक ओळ. 95व्या रस्त्यापर्यंत फक्त गाडीचा आवाज.)