सड्यावर विमानाला किती जागा लागते?

(दृश्य: चिपीचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. मे महिन्यातली दुपार.)

वेंगुर्ले तालुक्यातलं चिपी. खाली तापलेला जांभा, त्यावर 2500 मीटरची धावपट्टी. 9 ऑक्टोबर 2021 रोजी इथून प्रवासी सेवा सुरू झाली. पण सेसना 172 सारख्या चार आसनांच्या विमानाला एवढी जागा लागतच नाही.

मग किती लागते? याच विमानाचं 172 एस हे मॉडेल, पूर्ण भार, समुद्रसपाटी, 30 अंश तापमान, वारा पडलेला. कंपनीच्या तक्त्यात विमान साधारण 325 मीटर धावून जमीन सोडतं. पण बघायचा आकडा तो नव्हे. 50 फूट, म्हणजे 15 मीटर उंची गाठेपर्यंत साधारण 550 मीटर जातात. आणि आपला जुना माड 15 मीटरवर थांबत नाही! पट्टीच्या टोकाला माडांची वाडी असेल, तर हेही पुरणार नाहीत.

उतरायला त्याच हवेत सुमारे 420 मीटर पुरतात. म्हणजे 450 मीटरच्या मोकळ्या पट्टीवर विमान खुशाल उतरेल. परत न्यायचं कसं? पंख सोडवून, ट्रकवर घालून.

हा सगळा उन्हाचा प्रताप. हवा तापली की विरळ होते. पंखांना उचल कमी, इंजिनाला ताकद कमी. पारा 35 वर गेला की समुद्रकाठचं विमान 2400 फुटांवर असल्यासारखं वागतं. त्यात आपली दमट हवा आणखी थोडी हलकी.

(दृश्य: विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी.)

सकाळी मतलई वारे जमिनीकडून, दुपारी खारे वारे समुद्राकडून. समोरून 9 नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे 17 किलोमीटरचा वारा असेल तर अंतर 10 टक्क्यांनी घटतं. पाठीमागून मात्र अवघे 2 नॉट आले, की तेवढंच वाढतं. सकाळी ज्या दिशेनं उड्डाण केलं, ती दिशा दुपारी चालेलच असं नाही.

कोरड्या गवतावर उड्डाणाची धाव 15 टक्के वाढते, उतरल्यानंतरची तब्बल 45 टक्के, कारण ब्रेक धरत नाहीत. ओल्या गवताचा आकडा तक्त्यात नाहीच.

शिवाय तक्ता नव्या विमानाचा, कसलेल्या वैमानिकाचा. म्हणून ब्रिटनचं नागरी उड्डाण प्राधिकरण सांगतं: उड्डाणाचं अंतर 1.33 नं गुणा, उतरण्याचं 1.43 नं. आपले 550 मीटर झाले 730.