आवाज येतोय का?

(दृश्य: श्रीवर्धन. पावसातली पोफळीची वाडी. पाठमोरे चालत जाणारे बाबा.)

हे माझे बाबा. ते पुढे चाललेत आणि मी मागून त्यांना हाक मारते आहे. नीट ऐकलंत तर पावसाच्या आवाजातही माझी हाक ऐकू येईल. एकदा. मग जरा मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा.

बाबांनी वळून पाहिलं नाही.

हे चित्रण २६ ऑगस्ट २०२५ चं, गणपतीच्या आदल्या दिवसाचं. तीन वर्षांनी मी घरी आले होते. कॅमेरा सुरू केला होता तो नव्यानं लावलेल्या पोफळी टिपायला. या चित्रफितीत पुढे जे येणार आहे, ते त्या क्षणापर्यंत मला माहीत नव्हतं.

(दृश्य: कार्ल्सरूहे. पिवळी-लाल ट्राम. विद्यापीठाचं आवार.)

मी राहते ते हे शहर, कार्ल्सरूहे. जर्मनीच्या नैर्ऋत्येला, फ्रान्सच्या सीमेजवळ. ऑक्टोबर २०२२ मध्ये मी इथे शिकायला आले. त्या वेळी व्हिसासाठी १०,३३२ युरो आधी खात्यात भरून दाखवावे लागत. त्यातून महिन्याला फक्त ८६१ काढता येत. रुपयांत ही रक्कम सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. शिवाय या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला दर सत्राला १,५०० युरो फी. आमच्या घरात कर्ज काढल्याशिवाय हे होण्यासारखं नव्हतं. बाबांनी कर्जाच्या कागदावर सही केली, तेव्हा आमची वाडी जवळजवळ रिकामी होती.

विद्यापीठाच्या आवारात भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांचा अर्धपुतळा आहे. १८८६ ते १८८८ या काळात त्यांनी इथेच प्रयोग करून विद्युतचुंबकीय लहरी दाखवून दिल्या. खोलीच्या एका टोकाला ठिणगी पाडायची आणि काही मीटरवर, मध्ये तार नसताना, दुसरी ठिणगी उमटताना पाहायची. आपला मोबाइल चालतो तो त्याच लहरींवर. जर्मनीत आलेला पहिला ईमेलही ऑगस्ट १९८४ मध्ये याच विद्यापीठात पोचला. घराशी माझं बोलणं ज्या शोधावर चालतं, त्याच्या जन्मगावी मी राहते, हे मला पहिल्या वर्षी फार भारी वाटायचं. रोज त्या पुतळ्यावरून जाताना मी घरी फोन लावायची. इथे सकाळचे साडेआठ, तिकडे उन्हाळ्यात बारा, हिवाळ्यात एक. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढेमागे होतात, त्यामुळे वर्षातून दोनदा आजी विचारायची, “आज एवढ्या लवकर कसा गो फोन?” किंवा “आज उशीर का केलास?”

आणि प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं. “आवाज येतोय का?”

बाबा म्हणायचे, “येतोय, येतोय. बरं आहे सगळं. घे, आईशी बोल.”

एवढंच. तीन वर्षं.

(दृश्य: जुने फोटो. आडव्या पडलेल्या पोफळी, उडालेले पत्रे.)

बाबा गप्प का झाले, याचं कारण मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी श्रीवर्धन-मुरुडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या वीस गुंठ्यांत ३०० पोफळी होत्या. संध्याकाळी उभ्या होत्या १९. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. ती पणजोबांच्या वेळेपासून आमच्या वाडीत होती. मी तेव्हा टाळेबंदीमुळे पुण्यात आत्याकडे अडकले होते. वीज गेलेली, टॉवर बंद. चार दिवस घरचा फोन लागला नाही. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून बाबांचा आवाज आला, “सगळी माणसं आहेत. झाडं नाहीत.”

पोफळीचं नुकसान एका हंगामात भरून निघत नाही. रोप लावल्यावर पहिली पोय, म्हणजे फुलोरा, यायला चार-पाच वर्षं जातात आणि हाताला नीट पीक लागायला त्याहून जास्त. बाबांनी २०२१ च्या पावसात नवी रोपं लावली. मला वाटलं, ते त्या दुःखात आहेत, म्हणून बोलत नाहीत. मी त्यांना बोलतं करायचा प्रयत्नही सोडून दिला. हे मला आज सांगताना त्रास होतो, पण सांगायलाच हवं.

लपवायला मीही शिकले होते. जानेवारी २०२४ मध्ये बर्फावरून सायकल घसरली आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा आठवड्यांत मी रोज व्हिडिओ कॉल केला आणि हात एकदाही दिसू दिला नाही. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवायची, खांद्यापासून वरचीच मी दिसेन असा. एका हातानं स्वयंपाक जमत नव्हता, तेव्हा पावावर दिवस काढले आणि आईला सांगितलं, आज मुगाची खिचडी केली.

(दृश्य: एसटीच्या खिडकीतून. माणगाव, म्हसळा.)

२०२५ मध्ये नोकरी लागली आणि पहिली रजा गणपतीला घेतली. फ्रँकफर्टहून विमान मध्यरात्री मुंबईत उतरलं. पहाटेची एसटी. पनवेल, पेण, कोलाड, मग माणगावला महामार्ग सोडून म्हसळ्याचा रस्ता. घाट उतरू लागलो तसा ओल्या मातीचा वास आला आणि शेजारच्या काकूंनी न विचारता चकली हातात ठेवली. इथवरचं सगळं मी मनात हजारदा पाहिलेलंच होतं.

जे पाहिलं नव्हतं, ते घरात होतं. ओटीवर टीव्हीचा आवाज एवढा मोठा, की आत स्वयंपाकघरात ओरडून बोलावं लागत होतं. बाबा माझ्याशी बोलताना डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी वाडीत त्या तीन हाका. मग मी पुढे जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले, हसले आणि म्हणाले, “ही बघ, पाच झाडांना पोय आल्ये.”

रात्री मोदकाची उकड काढता काढता आईनं सांगितलं. अडीच-तीन वर्षं झाली. उजव्या कानानं जवळजवळ काही नाही, डाव्यानं अर्धंमुर्धं. “तुला कशाला सांगायचं? तिकडे एकटी. आणि ते म्हणाले, कर्ज फिटू दे आधी.” फोनवर बाबांना माझं बोलणं लागतच नव्हतं. आई फोनच्या मागे उभी राहून मान हलवून होकार किंवा नकार द्यायची, आणि बाबा त्याप्रमाणे “हो” किंवा “नाही” म्हणायचे. मी इकडे नेटवर्कला दोष द्यायची.

(दृश्य: गणपतीसमोर आरती. झांजा वाजवणारा चुलतभाऊ. मागे भिंतीशी उभे बाबा.)

आमच्या घरात आरती बाबा सुरू करायचे. लांबलचक आळवून, प्रत्येक कडव्याला आवाज चढवत. दोन वर्षं ती दादा म्हणतोय, हेही मला माहीत नव्हतं. आई व्हिडिओ कॉल लावून फोन मखरासमोर धरायची. मला गणपती दिसायचा, समया दिसायच्या, आरती ऐकू यायची. कोण म्हणतंय आणि कोण गप्प उभं आहे, ते दिसायचं नाही. इतरांचा सूर ऐकू येत नाही म्हणून बाबा एकदा कडवं आधीच म्हणून मोकळे झाले होते, मुलं हसली होती. त्यानंतर ते भिंतीशी जाऊन उभे राहिले.

२ सप्टेंबरला गौरी-गणपती गेले. दोन दिवसांनी मी बाबांना पनवेलला तपासणीला घेऊन गेले. बंद खोलीत कानाला हेडफोन, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. आलेख उजवीकडे खाली घसरत गेलेला. डॉक्टरांनी समजावलं, ते मी इथे सांगते आहे, कारण बऱ्याच घरांत हे कुणी सांगत नाही. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं, तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त, प यांसारखी व्यंजनं विरून जातात. म्हणून माणूस म्हणतो, “ऐकू येतंय, पण कळत नाही.” बायकांचा आणि मुलांचा आवाज आधी हरवतो. समोर ओठ दिसले तर बराचसा भाग माणूस भरून काढतो. फोनच्या छोट्या स्पीकरवर आवाज आणखी पातळ होतो आणि चित्र अडकलं की ओठही जातात.

मला एकदम आठवलं. माझी एक परीक्षा सात तारखेला होती. बाबांनी सोमजाई देवीला नारळ वाढवला पाच तारखेला. सात आणि पाच. तेव्हा फोनवर आम्ही सगळे हसलो होतो, बाबासुद्धा.

एका कानाच्या यंत्राला साधारण माझ्या एका महिन्याच्या घरभाड्याइतके पैसे पडले. बाबा दोन नको म्हणाले. दवाखान्यातल्या बाकावर बसून मी त्यांना मनगटाचं सांगितलं. प्लास्टर, पुस्तकांची चळत, खोटी खिचडी, सगळं. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, मनगट दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “दुखतं का थंडीत?” मी हो म्हटलं. मग दोन्ही कानांची यंत्रं घेतली.

(दृश्य: खिडकीपाशी बसलेले बाबा. छोटी पेटी उघडतात.)

यंत्र लावलं की सगळं लगेच पूर्ववत होत नाही. पहिले काही आठवडे आवाज पत्र्यासारखे वाटतात, भांडं ठेवलं तरी माणूस दचकतो. वर्षानुवर्षं न ऐकलेल्या आवाजांची मेंदूला पुन्हा सवय व्हावी लागते. कोकणच्या दमट हवेत यंत्र ओल धरतं, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या पेटीत ठेवायचं. ते काम आजीनं आपणहून घेतलं. देवापुढे निरांजन विझवलं की ती ओटीवर येते आणि हात पुढे करते, “आण तुझे कान.”

(दृश्य: कार्ल्सरूहे. सकाळ. विद्यापीठाजवळचा थांबा.)

परत आल्यावर पहिला फोन मी याच जागेवरून केला. बाबांनी फोन यंत्राच्या फार जवळ धरला, तशी बारीक शिट्टी वाजली. आई मागून म्हणाली, “लांब धरा.” त्यांनी लांब धरला. आता फोनवर त्यांचं कपाळ, पंख्याचं पातं आणि अर्धी भिंत दिसत होती.

मी विचारलं, “आवाज येतोय का?”

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मागून ट्राम आली, घंटा वाजवत थांबली, दारं उघडली.

“अगो,” बाबा म्हणाले, “तुझ्याकडे घंटा कसली वाजत्ये?”