मुखपृष्ठ करवून घेताना

श्रोतेहो, नमस्कार. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारा लेखक मुखपृष्ठाकडे बहुधा एक चित्र म्हणून पाहतो. छापखान्याच्या लेखी मात्र मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ मिळून एकच सलग कागद असतो आणि त्याचे माप आतल्या पानांवरून ठरते. म्हणून मुद्रितशोधन संपून पृष्ठसंख्या कायम होईपर्यंत चित्रकाराकडून अंतिम मांडणी मागू नये, असे माझे ठाम मत आहे.

हिशेब साधा आहे. पुस्तक 240 पृष्ठांचे असेल, तर त्यात कागदाची 120 पाने असतात, आणि एका पानाची जाडी 0.1 मिलिमीटर धरली, तर कणा 12 मिलिमीटरांचा होतो. मुखपृष्ठ तयार झाल्यावर लेखकाला 32 पृष्ठांचे परिशिष्ट जोडण्याची हुक्की आली, की कणा 1.6 मिलिमीटरने जाड होतो. मग कण्यावरचे नाव मधोमध बसत नाही आणि दर्शनी बाजूचा रंग कण्यावर उतरतो. एकाच वजनाच्या दोन कागदांची जाडीही वेगळी असू शकते, तेव्हा प्रत्यक्ष वापरायच्या कागदाचे माप छापखान्याकडूनच घ्यावे. कटिंगसाठी कडेने सहसा 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारा चित्राचा जादा भाग, सोडतात, ते चित्रकार सांभाळतोच.

चित्रकाराला काय सांगावे, हा अधिक नाजूक प्रश्न आहे. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी नदी, वडाचे झाड, पाठमोरी स्त्री आणि मावळता सूर्य हे सारे एकाच चित्रात मागितले होते, आणि त्या बिचाऱ्याने ते दिलेही. मोबाइलवर पोस्टाच्या तिकिटाएवढे पाहिले, तेव्हा तो केवळ तपकिरी डाग दिसत होता. त्यानंतर मी दृश्य सांगत नाही. दोन प्रकरणे वाचायला देतो आणि वाचक कोण असेल एवढेच सांगतो.

शीर्षकाची अक्षरे मात्र स्वतः तपासावीत. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली, की कधी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, कधी जोडाक्षर सुटून मध्ये पाय मोडलेले अक्षर दिसते. यासाठी अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे रेषांच्या आकारांत रूपांतर करून घेतात. पण एकदा तसे केले, की ती टाइप करून दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून शुद्धलेखन त्याआधीच पाहून घ्यावे. पडद्यावरचा झगझगीत निळा रंग कागदावर मंदावतो, त्यामुळे रंगाचा निर्णय छापील प्रूफ पाहूनच करावा.

शेवटी व्यवहार. चित्र, छायाचित्र आणि फॉन्ट यांच्या वापराची परवानगी आहे ना, मुखपृष्ठ ई-पुस्तकाला आणि जाहिरातीला वापरता येईल का, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावे. त्याच कागदावर ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, मिळण्याची अटही घालावी, कारण दुसऱ्या आवृत्तीत किंमत बदलते, पृष्ठे वाढतात, कणा पुन्हा मोजावा लागतो, आणि तोवर चित्रकाराचा जुना संगणक भंगारात गेलेला असतो.