खोडींची वही

(पडद्यावर: उघडं बॉनेट. पत्र्यावर दाबून धरलेला पांढरा कागद, त्यावर आडवी फिरणारी पेन्सिल.)

पेन्सिल आडवी धरायची. टोकानं नाही, कडेनं घासायचं. आधी कागदावर नुसता काळा पट्टा उमटतो. मग त्या काळ्यातून एकेक आकडा वर येतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो, तसाच. गाडीच्या चेसिस नंबरच्या या छापाला एजंट लोक ‘चेसिस प्रिंट’ म्हणतात. ही फॉर्मला चिकटवली, सह्या झाल्या, की गाडी दुसऱ्याची.

गाडी माझी आहे. म्हणजे, आज दुपारपर्यंत.

(पडद्यावर: गाडी समोरून. मागे होटगी रोडवरची वाहतूक.)

ओळखलीत? सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो की शेजारचा दुचाकीवाला हमखास विचारतो, “ओ काका, ही कुठली हो? फियाट का?” हो म्हणालो तरी चुकत नाही, आणि नाही म्हणालो तरी.

ही प्रीमियर वन एटीन एनई. १९८५ साली बाजारात आली. मूळचं अंग फियाट १२४ चं. ती गाडी १९६७ साली युरोपात ‘कार ऑफ द इयर’ ठरली होती. रशियातली लाडा याच घराण्यातली, चुलत बहीण म्हणा. स्पेनमध्ये सिआट कंपनी ही गाडी बनवत होती. त्यांच्याकडचे साचे प्रीमियरनं इकडे आणले आणि आत इंजिन बसवलं निसानचं, ११७१ सीसी. नावातलं ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन, दुसरं काही नाही. इटलीचा सांगाडा, स्पेनचे साचे, जपानचं इंजिन, आणि नशिबात सोलापूरचा मे महिना.

पण कंपनीची नाळ मात्र इथलीच. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. १९१९ मध्ये जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना, पुढच्याच वर्षी विशाखापट्टणमला जहाजबांधणी, मग मोटारी. गावात आज त्यांचं नाव घेतलं की लोकांना इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीमागे आपल्या गावचा माणूस होता, हे सांगितलं की समोरचा एकदा तुमच्याकडे आणि एकदा गाडीकडे बघतो.

(पडद्यावर: शेडमध्ये उभ्या जुन्या गाड्या. धूळ.)

सोलापूर जिल्ह्यात अशा वेगळ्या गाड्या अजून बऱ्याच आहेत, फक्त त्या रस्त्यावर दिसत नाहीत. कुणाच्या वाड्याच्या पडवीत कॉन्टेसा आहे, द्राक्षाच्या बागेत पेट्यांच्या थप्पीमागे तीन दारांची टाटा सिएरा आहे, कुठे देवूची मॅटीझ कोंबड्यांचं खुराडं झालीय. टिकल्या कशामुळे, तर हवेमुळे. कोकणात, मुंबईत पत्रा खालून खात जातो. आपल्याकडे हवा कोरडी, पाऊस बेताचा. रंग उन्हानं उडतो, रबर तडकतं, डॅशबोर्डला भेगा पडतात, पण पत्रा तसाच राहतो. मुंबईचे शौकीन लोक इकडे गाडी शोधत येतात आणि पहिल्यांदा खाली वाकून फ्लोअरच बघतात, ते यासाठीच.

सरहद्दही जवळ. विजापूर रोडनं निघालात की तासाभराच्या आत कर्नाटक. त्यामुळे ‘केए पासिंग’ गाड्या इथं सारख्या फिरत असतात, हैदराबादकडूनही येतात. स्वस्त वाटतात. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडचा रोड टॅक्स, नवा नंबर, हे सगळं धरल्यावर वाचलेले पैसे कुठं गेले ते कळत नाही.

(पडद्यावर: पूर्व भागातली गल्ली. यंत्रमागांचा खडखडाट.)

माझी गाडी मात्र अस्सल एमएच-१३. सहा वर्षांपूर्वी पूर्व भागातल्या एका कारखानदाराकडून घेतली. सोलापुरात ‘कारखानदार’ म्हणजे दर वेळी साखर कारखान्याचा मालक नव्हे. चार मागांची टॉवेलची शेड असली तरी माणूस कारखानदार. हे अण्णा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातले, वय ऐंशीच्या पुढे. चादरीचा धंदा जोरात होता तेव्हा घेतलेली गाडी. मागच्या सीटवर कव्हर नव्हतं, घडी घातलेली चादर होती. त्यांच्याच मागावरची, मोराची.

गाडी बघायला जाताना मी तयारीनं गेलो होतो. खिशात लोहचुंबक. जिथं ते चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी पुट्टी. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवला; गरम लागलं असतं तर समजायचं, मालकानं आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलीय, थंड असताना स्टार्ट होत नसणार. ऑइलचं झाकण उघडलं. आत चहासारखं दुधाळ दिसलं की पाणी मिसळलंय, हेड गॅस्केट गेली. सायलेन्सरचा धूर निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त.

अण्णा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, “झालं का ओ? आता हे वाचा.” आणि एक वही पुढं केली.

(पडद्यावर: शंभर पानी वही. पान उलटतं.)

इथं जरा थांबून सांगोल्याला जाऊन येऊ. तिथला जनावरांचा बाजार पाहिलाय? खिलार बैल घ्यायचा तर आधी जबडा उघडून दात. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. मग चालवून बघणं. भाव तोंडानं नाही, रुमालाखाली बोटं धरून. आणि हे सगळं झाल्यावर एक प्रश्न, तो मात्र मोठ्यानं: “खोड काय?” मारका आहे का, काम करता करता बसतो का, जू घेताना मान तिरकी करतो का. विकणारा खोड सांगतो, कारण पुढच्या बाजारी त्याला त्याच झाडाखाली उभं राहायचं असतं.

मोटारींच्या बाजारात हा प्रश्नच नाही. तिथं उत्तर आधीच तयार: “काही काम नाही, पेट्रोल टाका आणि पळवा. सिंगल हँड, डॉक्टरची गाडी.” मी आजवर ज्या गाड्या बघायला गेलो त्या जर खरंच सगळ्या डॉक्टरांच्या असतील, तर सोलापुरात पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त असायला हवेत.

अण्णांच्या वहीत मात्र फक्त खोडी होत्या. अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत. पहिली ओळ: थंड असताना तिसरा गिअर कुरकुरतो, सावकाश घाला. दुसरी: पेट्रोलचा काटा पाव टाकीवर अडकतो, पाव दाखवला म्हणजे संपलं समजा. मागचं डावं दार आतून उघडत नाही, पाहुण्यांना आधी सांगा. तेलुगू पानं मला कळेनात. नंतर ती शेजारच्या वहिनींकडून वाचून घेतली. त्यात एका पानावर खोड नव्हतीच. अक्कलकोटला जाताना अण्णांची बायको गाडी चालू असताना पहिल्यांदा झोपली, ती तारीख होती. वहिनी म्हणाल्या, “त्यांना बस लागायची.”

भाव मी केलाच नाही. ते पासष्ट म्हणाले, मी पाच हजार विसार काढला. तर घेईनात. “आज अमावस्या हाय. उद्या द्या की.”

(पडद्यावर: गॅरेज. रेडिएटरमधून तांबूस पाणी ओतलं जातं.)

वेगळी गाडी घेताना लोक गाडी बघतात. बघायचा असतो मिस्त्री. अण्णांच्या वहीच्या शेवटच्या पानावर एका चाचांचा फोन नंबर होता, आणि खरं सांगायचं तर पासष्टातले निम्मे पैसे त्या नंबरचे. चाचांनी पहिल्याच दिवशी रेडिएटर उतरवला. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार आत बसून नळ्या निम्म्या बुजल्या होत्या. “इसमें नळाचं पाणी कोण डालता है,” असं म्हणत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच टाकलं होतं. थर्मोस्टॅट कुणीतरी कधीच काढून फेकला होता. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आपल्याकडं सर्रास काढतात. मग हिवाळ्याच्या सकाळी इंजिन लवकर गरमच होत नाही, आणि पेट्रोल जास्त खातं.

पार्ट मिळवणं हा वेगळाच उद्योग. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला. कुर्ल्यालाच प्रीमियरचा कारखाना होता, आणि आज त्याच कुर्ल्यात जुन्या पार्टच्या दुकानांतून तिचे अवयव शोधत फिरावं लागतं. सस्पेन्शनचा एक बुश कुठंच मिळेना. शेवटी चाचांनी मला मागांचे पार्ट बनवणाऱ्या एका लेथवाल्याकडं धाडलं. त्यानं जुना बुश हातात फिरवला, व्हर्नियर लावला, आणि संध्याकाळी नवा करून दिला. चार वर्षं झाली, अजून आवाज नाही.

अलीकडचा त्रास मात्र लेथवर सुटणारा नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. तिच्या जमान्यातले रबरी पाइप त्यानं फुगतात, मऊ पडतात. दोन वेळा पाइप बदलले. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे ऊस आपला, इथेनॉल आपलं आणि फुगलेला पाइपही आपलाच. तक्रार कुणाकडं करायची?

(पडद्यावर: मोबाइल वाजतोय.)

मग विकायची कशासाठी? गुडघे. माझे, गाडीचे नाही. क्लच जड आहे.

जाहिरात टाकली आणि फोन सुरू झाले. नमस्कार नाही, नाव नाही, थेट “लास्ट काय?” अहो, आधी फर्स्ट तरी विचारा! एकाला बुलेटच्या बदल्यात हवी होती. एकाला प्री-वेडिंगसाठी दोन दिवस भाड्यानं, वर “गुलाबी रंग दिला तर चालेल का?” एक जण भंगाराचा भाव किलोवर सांगायला लागला, मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानंच परत फोन करून दोन रुपये वाढवले.

नूतनीकरणाचं ऐकलं की खरे गिऱ्हाईकही गळतात. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणी पुन्हा करायची. त्याची फी सहाशे रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. पर्यावरण कर निराळा.

कागदांच्या बाबतीत मी आता हट्टी झालोय, त्याला कारण आहे. माझी आधीची मारुती ८०० मी एका एजंटला दिली होती. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, बाकी सगळं कोरं. “करून घेतो ट्रान्सफर, टेन्शन घेऊ नका मालक.” तीन वर्षांनी मला चलन आलं. ज्या गावी मी जन्मात गेलो नाही तिथं माझी गाडी सिग्नल तोडत होती. एजंटचा फोन बंद. दंडावर भागलं हे नशीब. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलंय, अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणी ज्याच्या नावावर त्याची, गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरलेली असो. तेव्हापासून माझा नियम: घेणारा स्वतः आरटीओत समोर उभा राहिला तरच चावी.

(पडद्यावर: गाडीभोवती फिरणारा एक वयस्क माणूस. पांढरी टोपी.)

शेवटी सांगोल्याहून एक मुलगी आली, वडिलांना घेऊन. मुलगी डॉक्टर. जनावरांची. (म्हणजे पुढच्या वेळी ही गाडी विकायला निघेल तेव्हा ‘डॉक्टरची गाडी’ म्हणणारा खोटं बोलत नसेल.) तिनं चालवून बघितली, हसत परत आली, भावाचं काहीच बोलली नाही. वडील मात्र गाडीभोवती दोनदा फिरले. टायरला पाय लावला. बॉनेटवर थाप मारली, पाठीवर मारतात तशी. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “खोड काय?”

मी वही काढून दिली.

ते ओट्यावर बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. तेलुगू पानं आली तेव्हा चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. मी वहिनींनी सांगितलं तसं सांगितलं. अक्कलकोटची तारीखही सांगितली. त्यांनी मान हलवली. अर्धा तास गेला असेल. चहा गार झाला. विसार त्यांनी तिथंच काढला, आणि या वेळी अमावस्या नव्हती.

(पडद्यावर: पेन्सिलीचा काळा पट्टा, त्यातले पांढरे आकडे. मग आरटीओबाहेरची गर्दी.)

सह्या झाल्या. चादर सीटवर तशीच राहू दिली. चाचांचा नंबर त्यांनी आपल्या मोबाइलमध्ये घेतला आणि लगेच लावून बघितला, खरा आहे का म्हणून. चुकीचं काही नाही केलं.

संध्याकाळी फोन आला. मंगळवेढ्याच्या पुढं कुठंतरी थांबले होते, मागून ट्रकचे हॉर्न.

“काका, उजवा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा नाचतोय. हे वहीत नाही.”

“नाचतोय म्हणजे? पावच्या खाली जातो?”

पलीकडं टिक-टिक आवाज. ती बघत होती.

“जातो की. पार खाली जाऊन वर येतो.”

“मग अण्णांची दुसरी ओळ खोडा,” मी म्हणालो, “आणि ही लिहा. तारीख टाकून.”