बोट लागू नये म्हणून

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी झाली की हल्ली बऱ्याच घरांत विषय निघतो, यंदा क्रूझला जायचं का. आमच्याकडेही निघाला आणि माझ्या मनात पहिली आली ती आई. वय ७४, गुडघे दुखतात, बीपीची गोळी रोजची. तिला म्हटलं, मुंबई-गोवा क्रूझ आहे, येतेस का, तर ती पैसे किती म्हणाली नाही, जेवण कसं असतं विचारलं नाही, एवढंच म्हणाली, "पावसाच्या आधी हा मा?"

आई वेंगुर्ल्याची. लहानपणी ती वडिलांबरोबर मुंबईला बोटीने यायची. हायवे नंतरचा, कोकण रेल्वे तर त्याहून खूप नंतरची, तेव्हा कोकणातला माणूस मुंबईला यायचा तो आगबोटीनेच, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, हर्णे अशी बंदरं घेत भाऊच्या धक्क्याला. पावसाळ्यात बोटी बंद. आजही आपल्या किनाऱ्यावरच्या क्रूझचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच असतो, अरबी समुद्र तोच आहे ना. त्यातही डिसेंबर-जानेवारीत समुद्र बराच शांत असतो, आईवडिलांना न्यायचं असेल तर तेच महिने धरा असं मी अगदी आग्रहाने सांगेन, मे महिन्यातलं स्वस्त तिकीट बघून त्यांना नेऊ नका.

सगळ्यांना भीती असते ती बोट लागण्याची. गाडी लागते तशी बोट लागते. कान सांगतो आपण हलतोय, डोळ्यांना दिसते केबिनची न हलणारी भिंत, आणि या भांडणात पोट ढवळायला लागतं. आई तिकीट काढायच्या आधीच म्हणाली, "मध्यावरची जागा घे गो, नाळीवर नको." नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. मला वाटलं जुनी समजूत असेल, पण नंतर कळलं की अगदी खरंय ते. सीसॉवर मध्ये बसलेल्याला काही जाणवत नाही आणि टोकावरचा वरखाली होतो, तसंच जहाजाचं. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, त्याने बाजूचं डोलणं कमी होतं, पण पुढून मागे जे वरखाली होतं ते त्या पंखांनी फारसं थांबत नाही. म्हणून केबिन घेताना मधली घ्या आणि शक्यतो खालच्या डेकवरची, जितकं वर जाल तितकं डोलणं जास्त. लोक बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे भरून सगळ्यात वरची, अगदी पुढची केबिन घेतात आणि दोन दिवस पडून राहतात, वाईट वाटतं बघून. आम्ही खालच्या डेकवरची साधी, गोल खिडकीची घेतली, लिफ्टजवळची, पण लिफ्टला अगदी खेटून नाही, रात्री माणसांचा आवाज येतो.

गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच, कारण बीपी-शुगरवाल्यांना सगळ्याच चालतात असं नाही, आणि ती बोट सुटायच्या आधी तास-अर्धा तास घ्यावी लागते, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, शिवाय बहुतेक गोळ्यांनी झोप येते. आईने गोळी घेतली आणि सोबत आलेपाकाच्या वड्याही ठेवल्या होत्या पिशवीत. "उपाशी पोटान बोटीत बसाचा नाय," हेही तिचंच. ते आपण उलटं करतो बघा, उलटी होईल म्हणून काही खातच नाही. थोडं, कोरडं, कमी तेलाचं खायचं, पोळीचा तुकडा, टोस्ट, सफरचंद. आणि मळमळलं तर केबिनमध्ये मोबाईल बघत पडायचं नाही, वर डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे बघत बसायचं, तिथे कान आणि डोळे एकच गोष्ट सांगतात.

आता एक चूक सांगते, ती आमची आहे, पण तुमची होऊ नये म्हणून. ही आधीच्या, सिंगापूरच्या क्रूझच्या वेळची. बंदरावर मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात, त्यावर केबिन नंबरचा टॅग असतो आणि त्या थेट केबिनच्या दाराशी येतात. आम्हाला वाटलं अर्ध्या तासात येतील. हजारो बॅगा असतात हो, आमची आली रात्री साडेनऊला आणि सासऱ्यांच्या सगळ्या गोळ्या तिच्यात होत्या. दुपारची चुकली, संध्याकाळची चुकली, ते काही बोलले नाहीत पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हापासून औषधं, चष्मा, ओळखपत्र, एक जोडी कपडे, मुलांचे पोहायचे कपडे हे सगळं हातातल्या पिशवीत. गोळ्या सुट्या करून डबीत भरू नका, पट्टी तशीच ठेवा, नाव वाचता आलं पाहिजे. शेवटच्या रात्री पुन्हा उलटा प्रकार असतो, मोठ्या बॅगा बाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळी अंगावर घालायचे कपडे आणि बूट आधी बाजूला काढा, मगच कुलूप लावा.

बॅगेत इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड टाकू नका, बहुतेक जहाजांवर स्कॅन करताना काढून घेतात, आणि बरोबरच आहे, समुद्रात आगीसारखं भयंकर काही नाही. त्याऐवजी चार लोहचुंबकाचे हुक न्या, केबिनच्या भिंती लोखंडी असतात, टोप्या, पिशव्या, ओले कपडे मस्त टांगता येतात.

फोनचंही बोलते लगेच. किनारा सुटला की फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला आपोआप जोडला जाऊ शकतो आणि त्याचे दर ऐकून घाम फुटतो, तुमच्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. बोट सुटताना एअरप्लेन मोड लावा, मग हवं तर जहाजाचं वायफाय घ्या. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, म्हणजे कोणी काळजी करत बसणार नाही.

बोट सुटायच्या आधी सुरक्षेची कवायत असते. लोक कंटाळतात, बुफे सोडून कोण जाणार म्हणतात. श्रोतेहो, हे मी मनापासून सांगते, जा. २०१२ साली १३ जानेवारीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जिल्यो बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रचंड जहाज खडकावर आदळून आडवं झालं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांची कवायत झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची सवलत होती. नंतर नियम बदलला, आता बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्यावर लगेच कवायत घ्यावीच लागते. कमीत कमी सात लहान भोंगे आणि मग एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की जिन्याने जायचं, लिफ्टने नाही, आणि आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. मी आईचा हात धरून केबिनपासून त्या जागेपर्यंत दोनदा चालत गेले, एकदा पुढच्या जिन्याने, एकदा मागच्या. आईने लाइफ जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघितला. तिच्या लहानपणी घरात रामदास बोटीचं नाव निघालं की मोठी माणसं गप्प व्हायची. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट वाटेतच बुडाली, कितीतरी घरं त्या दिवशी बसली. त्या पिढीला भोंग्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

वयस्क माणसांसाठी अजून एक. जहाजावरच्या दारांना उंबरठे असतात, बाथरूमलाही असतो, आणि डेकची दारं वाऱ्याने धाडकन बंद होतात, बोटं चौकटीवर ठेवू नका. चालताना एक हात कायम कठड्याला. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जाणार असाल तर मोठं जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि छोट्या होडीतून किनाऱ्याला नेतात, ती होडी वरखाली होत असते. खलाशाचा पंजा धरायचा नाही, मनगटाला मनगट धरायचं, आणि तो "आता" म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा. गुडघे फारच दुखत असतील तर अशा ठिकाणी बोटीवरच थांबावं, त्यात काही कमीपणा नाही.

हात मात्र साबणाने धुवा. जहाजावर पोटाची साथ पसरते तो नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरला दाद देत नाही.

गोव्यात बोट मुरगाव बंदरात लागते, म्हणजे वास्कोत, पणजीत नाही, हे बऱ्याच जणांना उतरल्यावर कळतं. पणजी तिथून तासाभरावर धरा, नवा जुआरी पूल झाला तेव्हापासून बरं आहे, तरी ट्रॅफिकचा भरवसा नाही. आम्ही एकच ठरवलं होतं, मंगेशी. दर्शन घेतलं, आईने प्रसाद घेतला आणि सुटायच्या दोन तास आधी परत. तिकिटावरची वेळ ही बोट सुटायची असते, चढायची शेवटची वेळ त्याच्या बरीच आधी असते. बोटीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर बहुधा थांबतात, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाहीत. सिंगापूरहून फुकेतला गेलो तेव्हा एक कुटुंब अगदी शेवटी धापा टाकत आलं. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे, त्यांचे फोन थायलंडची वेळ दाखवत होते आणि बोट सिंगापूरच्या वेळेवर चालली होती. तेव्हापासून मी बोटीवर साधं मनगटी घड्याळ लावते, बोटीच्या वेळेला. आणि परदेशी क्रूझला व्हिसा नीट बघा, त्याच देशात परत यायचं असेल तर ती दुसरी एन्ट्री धरतात, सिंगल एन्ट्रीवर अडकायला होतं.

मुंबईहून निघालो ती संध्याकाळ सांगायची राहिली. बॅलार्ड पिअर मागे पडलं, कुलाब्याच्या टोकाचा प्रॉन्ग्ज दीपगृह गेला, बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला बंदराबाहेर वाट दाखवणारा माणूस, दोराच्या शिडीवरून खालच्या छोट्या बोटीत उतरला, आई वाकून बघत होती त्याचा पाय शिडीवर कसा पडतो ते. मग जेवली, आलेपाकाची वडी खाल्ली, झोपली. बोट काही लागली नाही.

पहाटे पाचच्या सुमाराला जाग आली तर तिची खाट रिकामी. धावत वर गेले. डेकवर ती शाल घेऊन उभी, एक हात कठड्यावर. पूर्वेला काळोखात खूप लांब एक दिवा लुकलुकत होता, लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. कुठला ते मला सांगता येणार नाही. आई ओठांतल्या ओठांत मोजत होती, मधला वेळ मोजून दिवा ओळखायला तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं. मी काही विचारायला तोंड उघडलं तर तिने हातानेच थांबवलं, मोजणं चुकेल म्हणून.