पोटात ‘नाही’ असलेला शब्द

नमस्कार श्रोतेहो. ‘ही वर्क्स हार्ड’ आणि ‘ही हार्डली वर्क्स’. पहिल्या वाक्यातला माणूस राबतो, दुसऱ्यातला कामाला जेमतेम हात लावतो. शिफारसपत्रात ही ‘ली’ चुकून शिरली, तर बिचाऱ्याची नोकरी हुकलीच म्हणायची!

चूक होते ती शाळेतल्या घोकंपट्टीमुळे. क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली, मग त्याच चालीवर हार्डचं हार्डली. पण ‘कष्टाने’ म्हणायचं असेल तर क्रियाविशेषण म्हणूनही हार्डच वापरतात. हार्डली म्हणजे क्वचित, जेमतेम, जवळजवळ नाहीच. लेट म्हणजे उशिरा आणि लेटली म्हणजे अलीकडे, ही जोडीही तशीच फसवी.

पूर्वी मात्र हार्डलीत कष्ट होते. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये, मॅथ्यूच्या शुभवर्तमानात, श्रीमंत माणूस स्वर्गाच्या राज्यात ‘हार्डली’ प्रवेश करील असं म्हटलंय. आजच्या कानाला वाटतं, करणारच नाही. तिथला अर्थ आहे, महाप्रयासाने करील. जे महाप्रयासाने घडतं ते जेमतेमच घडतं, असा हा अर्थ सरकत गेला. आपलं ‘कसंबसं’ आठवा. ‘कशीबशी वेळेवर पोचले’ यात दमछाकही आहे आणि थोडक्यात निभावल्याचा सुस्काराही. मराठीने दोन्ही अर्थ एकत्र नांदवले, इंग्रजीत पहिला मागे पडला.

खरी गोम पुढेच आहे. ‘तो फारसं बोलत नाही’ यात आपला ‘नाही’ उघड दिसतो. ‘ही हार्डली स्पीक्स’मध्ये तो हार्डलीच्या पोटात असतो. आपल्याला चैन पडत नाही, आपण वर आणखी एक ‘नॉट’ घालतो. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेही बोलताना ‘कान्ट हार्डली’ म्हणून जातात, पण प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही. लपलेला ‘नाही’ पकडायचा असेल तर प्रश्नाचं शेपूट पाहा: ‘ही हार्डली स्पीक्स, डझ ही?’ इथे ‘डझन्ट’ येत नाही, कारण नकार आधीच होऊन गेलाय.

आणि एक खास रचना. ‘हार्डली हॅड आय सॅट डाउन व्हेन द फोन रँग.’ क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं. मराठीत सांगायचं तर, मी बसते न बसते तोच फोन वाजला. बघा, इथे आपणही एक ‘न’ हळूच आत सरकवलाच की!